आमच्या वॉर्डातला जर्मन

तो पूर्वी जर्मन नौदलात अधिकारी होता. आता ॲरिझोनातल्या आमच्या गावात सिटी कौन्सिलसाठी माझ्याविरुद्ध उभा आहे. बोलण्याआधी तो क्षणभर थांबून वाक्य जुळवतो. इंग्रजी उच्चार त्याचेही परकेच, पण लोकांना ते भारदस्त वाटतात. माझे वाटत नाहीत. प्रचाराला येतो तेव्हा बूट दाराबाहेर काढून सरळ लावतो, प्रश्न विचारतो आणि उत्तरं वहीत लिहून घेतो.

मी मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष. मराठी घरं माझीच, असं धरून मी एकाही घरी गेलो नव्हतो. मतदानाच्या आदल्या रविवारी शेजारच्या काकूंना सहज विचारलं, "मत मलाच ना?"

"तू आमचाच रे," काकू म्हणाल्या. "पण मला काय हवंय, ते त्याने विचारलं. मी म्हटलं, बसस्टॉपवर सावली नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिथे तासभर उभा होता, एकटाच. मी खिडकीतून पाहिलं."

"प्रचार आहे तो, काकू."

"असेल. तू कधी उभा राहिलास?"

मी जायला वळलो.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या, "एवढं तरी घेऊन जा."