गोंगाट कमी करणारं बटण

आमच्या घरात बाबांना हाक मारायची पद्धतच नव्हती. मोहाडीच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचा कोशाच्या रेशमाचा हातमाग होता. माग सुरू असला की बोलून काही उपयोग नसे, म्हणून आई मागाच्या लाकडावर उलथन्याने ठोकायची. दोनदा ठोकलं की जेवण, तीनदा ठोकलं की कोणीतरी आलंय. बाकीचं सगळं हाताच्या खुणांनी. त्यामुळे बाबांचे कान गेले ते कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ठोकलेलं त्यांच्या हाताला कळायचं, खुणा दिसायच्या, आणि बाहेरच्या माणसांपुढे ते नुसती मान डोलवायचे. माणूस अबोल आहे, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला तेव्हा हे उघडं पडलं. खुणा करणारा उजवा हात गादीवर पडून राहिला. आवाज उरला तो श्वासाएवढा. मी कान तिच्या तोंडाशी नेला तर कळायचं, बाबांना काहीच नाही. दोघं दिवसभर समोरासमोर, आणि मधे एक शब्द नाही.

त्यात आईने एकच धोशा लावला.

"त्यायले एक सांगाचं हाय."

"मले सांग ना. मी कागदावर लिहून दाखवीन त्यायले."

"तुले नाही. त्यायलेच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजारपण मी काढतेय, आणि मलाच सांगायचं नाही? तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचा हट्ट मला चांगला ठाऊक आहे, तोच माझ्यातही उतरलाय.

मी भंडाऱ्याला शिक्षिका आहे. आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, मोबाईलमध्ये कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सोय असते. मोबाईल बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, आवाज मोठा होऊन ऐकणाऱ्याच्या कानातल्या इअरबड्समध्ये येतो. गेल्या वर्षीच आणलेलं कानाचं यंत्र बाबांनी शिट्टी वाजते म्हणून लगेच पेटीत टाकलं होतं. मी त्यांच्यासाठी मोबाईल आणि इअरबड्स घेऊन मोहाडीला गेले.

मोबाईल आधी कानांची परीक्षा घेतो. बारीक आवाज वाजला की पडद्यावर बोट लावायचं. नीट वाजतंय का पाहायला एक इअरबड मी माझ्या कानात ठेवला होता; आवाज आला की माझ्या भुवया हलायच्या, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघून बोट लावत होते. निकाल आला, कान ठणठणीत! मी कपाळाला हात लावला. मग त्यांना पाठमोरं बसवून सगळं पहिल्यापासून केलं. आई गादीवरून हसत होती, तोंडाच्या एकाच बाजूने.

सोय सुरू झाली तसे बाबा दचकले. "केवढा कल्ला हाय इथं!" पंखा, कुकर, शेजारचा माग, सगळं एकदम कानात शिरलं. ते इअरबड्स ओढून काढायला लागले. मी घाईघाईने सेटिंगमध्ये शोधलं, 'गोंगाट कमी करा' असं एक बटण सापडलं, ते सुरू केलं. पंखा गेला, कुकर गेला, माझं बोलणं स्वच्छ. बाबांचा चेहरा उजळला. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मोबाईल आईच्या उशीवर ठेवला, अगदी तोंडाजवळ. तिने डोळ्यांनीच मला बाहेर जायला सांगितलं. दारातून मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. तिचे ओठ हलत होते, बाबा मान डोलवत होते. बराच वेळ. शेवटी तिने डाव्या हाताने त्यांचा हात धरला आणि डोळे मिटले.

बाबा अंगणात आले.

"आलं ना आयकू?"

"तुया आवाज येते. तिचा नाही आला. काहीच नाही आला."

"मंग मान कायले हालवत होते तुम्ही?"

"बोलून राहिली होती ना ते. कसं थांबवू तिले?"

मी उशीवरचा मोबाईल दाराशी आणला, इअरबड्स स्वतःच्या कानात घातले आणि मोबाईलजवळ आईसारखंच कुजबुजून पाहिलं. चिडीचूप. तिच्या आवाजाला मोबाईलने गोंगाट ठरवलं होतं, आणि ते बटण मीच मोठ्या हुशारीने सुरू केलं होतं. बंद केलं तर पंख्याच्या घरघरीत का होईना, पण कुजबुज आली. मला स्वतःचीच चीड आली. रडूही आलं.

"आता परत जा," इअरबड्स बाबांच्या कानात घालून मी म्हटलं.

"झोपली ते. तोंड पाह्य तिचं."

पाहिलं. इतक्या महिन्यांची कपाळावरची आठी गेली होती.

संध्याकाळी मी तिला विचारलं, बाबांना परत एकदा सांगशील का. "सांगतलं ना," ती म्हणाली. "आयकलं त्यायनं." आणि पाणी मागितलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी मागून माझा खांदा दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "तिले सांगू नोको. हलकी झाली ते."

आता ते बटण बंद असतं, आणि ती बोलते ते सगळं त्यांना ऐकू येतं. पाणी द्या. कूस बदलून द्या. वरणात मीठ जास्त झालं. ते तिच्या उशाशी बसून राहतात, ती चुकून पुन्हा तो विषय काढेल म्हणून. तिच्यासाठी तो विषय संपलाय. मी दर रविवारी जाते, आणि बाबांना तिचं बोलणं देऊ शकत नाही, तिला खरं सांगू शकत नाही.

परवा बाबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"याच्यात जुनं बोलनं राह्यत असन ना? त्या दिवसाचं काढून दे."

"नाही राहत, बाबा. हा नुसता आवाज मोठा करते. ठेवत नाही."

इअरबड्स कानात होते, त्यांना नीट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी मोबाईल माझ्या हातात ठेवला. "पाह्य तं खरं."

मी पाहत बसले.