औषधाच्या डब्यातली कॉफी

आमचा नातू पेपर मोठ्यानं वाचतो. परवा म्हणाला, देशात हल्ली कॉफी पिणं फार वाढलंय, पूर्वी आपल्या भागात ती कुणाला ठाऊकसुद्धा नव्हती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गप रे! आपल्या भागात कॉफी औषधाच्या डब्यातून बाहेर काढली ती तुझ्या पणजीनं, म्हणजे माझ्या आईनं. पेपरवाल्याला काय ठाऊक?

मावळात भाज्याच्या लेण्यांजवळ आमची वाडी. माझ्या लहानपणी तिथं पाहुण्याला गूळपाणी द्यायचे. चहा मिळायचा तो बाजाराच्या दिवशी कामशेतला, आणि तोही पुरुषांना. कॉफी मात्र अख्ख्या वाडीत आमच्याच घरी होती. वडील लोणावळ्याच्या एका बंगल्यावर दूध घालायचे. तिथला मद्रासी आचारी त्यांना अधूनमधून मूठभर हिरव्या बिया द्यायचा आणि सांगायचा, अंगात कसर, बारीक ताप आला की ही घ्या, बरं वाटेल. झालं! आईनं त्या बिया सुंठ, वेखंड, जायफळाच्या डब्यात टाकल्या आणि कॉफी औषध होऊन बसली. कुणाला ताप येवो, कुणी बाळंत होवो, आई तव्यावर बिया भाजायची, जात्यावर भरडायची, पाण्यात उकळून वर म्हशीचं दूध आणि किसभर जायफळ. गूळ टाकायचा तो चुलीवरून खाली उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. भाजण्याचा वास पार ओढ्यापर्यंत जायचा. तो आला की माणसं हातातलं काम टाकून आमच्या दारात, "कोन पडलं आजारी?"

मला बघायला लोणावळ्याची मंडळी आली तेव्हाची गोष्ट. मुलगा रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होता. घर चांगलं, माणसं चांगली, आणि खरं सांगू का, मुलगाही मला आवडला होता. मळवलीच्या जत्रेत एकदा लांबून पाहिला होता. हे मी कुणाला बोलले नव्हते. पण हे जमलं नाही तर काय, या धास्तीनं आदल्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

वडील म्हणाले, "रेल्वेची मानसं हायेत, चा पित्यात. कामशेतास्नं पत्ती आनतो."

आई म्हणाली, "चा ती रोजच पित्यात. त्यांच्यापरास वाईट चा करून नाक कापून घिऊ व्हय? त्यांच्या घरी न्हाई ते देऊ."

पाहुणे घोंगडीवर बसले. मुलाचे वडील, मुलाची आई आणि मागं मान खाली घालून तो. मी समोर पाटावर. आत आईनं तवा ठेवला, बिया तडतडायला लागल्या, वास सुटला. आणि वास सुटला की काय होतं, हे घरातल्या एकालाही आठवू नये!

आधी शेजारची मावशी आली, ओंजळीत तुळशीचा पाला घेऊन. "कोन गं, कोन पडलं?" तिच्यामागं आणखी दोघी. मग अंगणातूनच आबांचा आवाज. आबा म्हणजे वाडीतले सगळ्यांत वडीलधारे, आणि तोंड असं की ओढ्यापलीकडचा माणूस दचकावा. "पोरीला परत हिवताप भरला का काय रं?"

परत! एवढाच शब्द, पण मला वाटलं, झालं, बुडालो. गेल्या साली मला हिवताप आला होता हे खरं होतं. मुलाच्या वडिलांनी हात फेट्याकडं नेला. उठायच्या आधी माणूस फेटा सारखा करतो तसा. मुलाच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पोर सारखी आजारी असती व्हय?"

आणि मग आई बाहेर आली, हातात तापलेला तवा तसाच. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती.

"आजारी न्हाई. गेल्या साली ताप आलता, उतरला. लपवायचं काय त्यात? आनि ही मानसं का आली इचारा. आमच्या घरात ह्यो वास आला का समद्यास्नी वाटतं कुनीतरी पडलं, म्हनून धावत आली. जेवायला नव्हं, इचारायला आली. तुमच्या लोनावळ्यात शेजारनीला ताप आला तर तुमाला कळतं का वं?"

बायामाणसानं पाहुण्यांना असं बोलायचं म्हणजे सोयरीक मोडलीच की! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण भीतीपेक्षा छाती भरून आली होती, खोटं कशाला सांगू.

मुलाची आई म्हणाली, "न्हाई कळत. आना ती कॉपी." प्यायली, पेला पुसून काढल्यासारखा रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. "पोर आमाला पसंत हाय. आमच्या चाळीला असं मानूस लागतंच."

आता आलेल्या लोकांना तसंच कसं पाठवायचं? आईनं सगळा डबा रिकामा केला. वाडीनं धडधाकट असताना कॉफी प्यायली ती त्या दिवशी पहिल्यांदा. आबा मिशा पुसत म्हणाले, "आजारी न पडता पिली तर लय ग्वाड लागती की गं!"

त्यानंतर आमच्या वाडीत पाहुणा आला की कॉफी. पुढं चहावाले बाजारात फुकट पेले वाटत फिरले, सगळं मावळ चहाला लागलं, तरी आमची वाडी हटली नाही. वडील बिया आणायचे, मी लोणावळ्याहून धाडायचे. मग दुसरी मोठी लढाई लागली. बोटी बंद, मळेवाल्यांची कॉफी परदेशी जाईना, म्हणून ती इथंच खपवायची धडपड सुरू झाली. पुण्याहून आलेले लोक कौतुकानं सांगू लागले, तिकडं कॉफीची दुकानं निघाली! मी म्हणायची, बरं झालं, उशिरा का होईना शहाणे झालात.

त्याच काळात आईनं अंथरूण धरलं; वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं, मलाच तेवढं कळलं म्हणून मी माहेरी आले. साखर रेशनवर, पण गूळ होता. मी तवा ठेवला, बिया भाजल्या. वास सुटला. आई दाराकडं बघत पडली होती, मीही बघत होते. कुणी येईना. माझा संताप संताप झाला. जिनं उभ्या वाडीची दुखणी काढली, तिला विचारायला कुणी नाही?

मग आबांची सून दारात डोकावली, हसतच. "कोन पाव्हनं आलं वं?"

मी रागानं तवा खाली आपटला. आई मात्र हसली. छातीला हात लावून, खोकत, पण मोकळं हसली.

"सांग तिला, लेक आलीया," म्हणाली. "आनि समद्यास्नी बोलवायला सांग. मी आजारी हाय म्हनू नगंस हां. ग्वाड लागू दे त्यास्नी."

मी पेले मांडायला घेतले.