परिस्थितीनुसार बदलणारा प्रोग्राम

१२ ऑगस्ट २००७. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर मी तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांवर नावं चिकटवत होते. शेजारी पुण्याहून आलेला इंजिनीअर बसला होता. आमच्या गावसेविकांसाठी त्याने मोबाइलवर नोंदीचा प्रोग्राम केला होता. "परिस्थितीनुसार तो स्वतःला बदलतो," हे तो दर तासाला कुणाला तरी ऐकवी. स्वतः मात्र महिनाभरात एकदाही जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, गेला नाही, कारण चिखलाने बूट खराब होतात.

तेवढ्यात टोल्यावरची सेविका चालत आली. "बाई, माह्या सुनेचा ताप चार रोजापासून उतरून नाई राह्यला. गोळ्या संपल्या म्हणून फोनमंदी टाकलं होतं. काऊन नाई धाडल्या?"

इंजिनीअरने तिचा फोन पाहिला. रेंज कमी दिसताच बॅटरी वाचवायला प्रोग्रामने ती नोंद पाठवलीच नव्हती.

"बघा मॅडम, चार दिवस झाले तरी बॅटरीच्या तीन काड्या शिल्लक!" तो खुशीत म्हणाला.

"अन् सून?" सेविकेने विचारलं. तो बटणं दाबत राहिला.

गोळ्या देऊन मी तिला लगेच परत धाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेविकांना बोलावून वह्या वाटल्या, सगळे फोन त्याच्या खोक्यात भरले, त्याला पहिल्या एसटीत बसवलं आणि सुनेला बघायला टोल्याची वाट धरली.