हाय टाइम

काचीगुड्याच्या त्या गल्लीत कुणाला इंग्रजीत चार ओळी लिहायच्या असल्या, की तो मुकुंदराव जिंतूरकरांचं दार वाजवायचा. मुकुंदरावांची सारी नोकरी कोर्टात गेली होती, वडीलही कोर्टातच होते. पाणीपुरवठ्याची तक्रार असो की नातवाच्या शाळेचा अर्ज, मुकुंदरावांची नजर फिरल्याशिवाय कागद पुढे जात नसे. कुणी कच्चं इंग्रजी बोललं की ते मध्येच थांबवून दुरुस्त करत. समोरचा ओशाळला की त्यांना मनातून बरं वाटे.

त्यांची सून श्रुती नांदेडकडची, मराठी शाळेत शिकलेली. लग्नानंतर तिनं बँकेच्या परीक्षेचं मनावर घेतलं आणि दिलसुखनगरच्या एका क्लासला नाव घातलं. मुकुंदरावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "गणित-बिणित तिकडे शीक. इंग्रजी मात्र माझ्याकडे."

रोज दुपारी चहानंतर ती सराव पेपर घेऊन बसे. प्रश्न, खाली चार पर्याय, योग्य क्रियापद निवडायचं. एकदा वाक्य आलं, 'इट इज हाय टाइम यू', मग रिकामी जागा आणि शेवटी 'होम', म्हणजे आता तू घरी जायलाच हवंस. श्रुतीनं 'वेंट' वर खूण केली.

"वेंट कसं?" मुकुंदराव म्हणाले. "समोरचा अजून घरी गेलाय का?"

"नाही, मामंजी."

"मग भूतकाळ कुठून आला? जायचंय अजून. गो!"

"पण क्लासमध्ये सरांनी सांगितलं, हाय टाइम आलं की..."

"तुझे सर कालचे पोर. मी जजसाहेबांच्या हाताखाली ड्राफ्ट लिहिलेत."

तिचा नवरा आशिष मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "लाइट घ्या ना बाबा, एवढं काय त्यात." पण बाबांनी 'वेंट' खोडायला लावलं. तीच गत 'इफ आय वेअर यू'ची झाली. 'आय'ला 'वेअर' लावणं म्हणजे शुद्ध गावठीपणा, असा त्यांनी निकाल दिला. पेपर झाला की ते एकेक उत्तर विचारत, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे नसेल तर जेवणाच्या ताटावरही विषय निघे.

परीक्षा झाली. श्रुतीची निवड अगदी थोडक्या मार्कांनी हुकली.

शेजारचे माधवराव संध्याकाळी विचारपूस करायला आले. मुकुंदरावांनी हात उडवले. "मी जीव तोडून शिकवलं हो. पण मराठी मीडियम! पायाच कच्चा, त्याला कोण काय करणार?" त्याच वेळी श्रुती चहाचे कप घेऊन आत आली. तिनं कप ठेवले, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मुकुंदराव पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे चालले होते. आत श्रुती भाजी निवडत मोबाइलवर क्लासच्या सरांचा व्हिडिओ ऐकत होती. सर झालेला पेपर तेलुगूतून समजावत होते. सारा जन्म याच शहरात गेल्यानं मुकुंदरावांना तेलुगू चांगलं येत होतं. "हाय टाइमनंतर साधा भूतकाळच. वेंट. हा हक्काचा मार्क ज्यानं घालवला त्यानं..." एवढ्यात श्रुतीला सासऱ्यांची चाहूल लागली. तिनं घाईघाईनं आवाज बंद केला आणि विचारलं, "पाणी देऊ का, मामंजी?"

त्यांनी पाणी घेतलं. चूक कळली त्यापेक्षा, तिनं तो आवाज बंद केला हे त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते चिक्कडपल्लीच्या वाचनालयात गेले. व्याकरणाची पुस्तकं काढून बसले. एखादं तरी पुस्तक आपल्या बाजूनं बोलेल म्हणून पानं उलटत राहिले. एकही बोललं नाही. 'वेअर'चंही तेच. शेजारी बसून पोरं कसल्याकसल्या परीक्षांचा अभ्यास करत होती, त्यांच्यात तोंड लपवून बसल्यासारखं त्यांना झालं.

घरी आल्यावर त्यांनी श्रुतीला हाक मारली. त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई देवळात गेल्या होत्या, घरात दोघंच होते.

"ते वेंटच होतं," ते म्हणाले. "पेपरात तू काय लिहिलंस?"

"गो."

"मी सांगितलेलं तुला खरं वाटलं म्हणून?"

"नाही. वेंट आहे हे मला माहीत होतं. पण घरी आल्यावर तुम्ही विचारलं असतं, काय लिहिलंस. वेंट सांगितलं असतं तर तुम्ही... आणि खोटं मला बोलता येत नाही."

मुकुंदरावांना वर बघवेना. कोर्टात त्यांनी घाबरलेले साक्षीदार जन्मभर पाहिले होते. आपल्या घरात, आपल्यामुळे कुणी तसं उभं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"चुकलो मी," एवढंच ते म्हणाले. श्रुती "असू द्या" म्हणाली नाही. "कुकर लावायचाय," म्हणून आत गेली.

त्यानंतर त्यांनी तिच्या अभ्यासात तोंड घातलं नाही. कुणी अर्ज घेऊन आलं तर "एकदा श्रुतीला दाखवा" म्हणू लागले. लोकांना वाटलं, डोळे अधू झाले असतील.

पुढच्या वर्षी श्रुती पास झाली, नेमणूक मिळाली. घर माणसांनी भरलं. माधवराव पेढा तोंडात टाकत म्हणाले, "सासरा असावा तर असा! पोरीला इंग्रजी शिकवून बँकेत बसवलंत."

मुकुंदराव उभे राहिले. "माधवराव, मी हिला चुकीचं शिकवलं. मागच्या वर्षी हिचे मार्क माझ्यामुळे गेले. आणि वर तुमच्यासमोर मी हिलाच नावं ठेवली."

खोलीत हशा पिकला. "काय हा विनय!" कुणीतरी म्हणालं. "छोडो साब, पेढा घ्या," म्हणत माधवरावांनी त्यांच्या हातात पेढा कोंबला.

"खरं सांगतोय मी," मुकुंदराव म्हणाले. लोक आणखी हसले.

त्यांनी श्रुतीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं त्यांच्याकडे क्षणभर बघितलं, मग पेढ्यांचा बॉक्स उचलून दारात नव्यानं आलेल्या बायकांकडे वळली. मुकुंदराव हातातला पेढा न खाता तसेच उभे राहिले.