शनीच्या चंद्रावरचं रॉकेल

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत वारंगा फाट्यावर माझं रॉकेलचं दुकान होतं. डोक्यावर डबे वाहून, व्यापाऱ्यांशी भांडभांडून उभं केलेलं. शेजारी लिंबाखाली शनीचा दगड. शनिवारी लोक त्यावर गोडं तेल ओतत, पुढे दिवा लावत.

एकदा माझ्याच बाकावर बसून शाळेच्या गुरुजींनी पेपर मोठ्यानं वाचला. शनीच्या एका चंद्रावर थंडी एवढी, की वायूही पातळ होतो. त्याची तळी तिथं असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज.

"कशाची तळी म्हणता, गुरुजी?" शिरड शहापूरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"रॉकेलच्या जातीचंच समजा."

म्हातारा दगडाकडं बघत राहिला. "म्हंजे आमी त्याला भलतंच तेल वाहून राहिलो."

पुढच्या शनिवारी त्यानं दगडावर रॉकेल ओतलं. मग सगळेच ओतू लागले. माती काळी पडली, ओली राहू लागली. उन्हात वास डोळ्यांना झोंबायचा. दिवा तिथंच, आणि माझी पिंपं दगडाला जवळजवळ खेटून.

मी शनिवारी विक्री बंद केली. लोक शुक्रवारीच बाटल्या भरून नेऊ लागले. मी ओरडलो, तर एक बाई म्हणाली, "काहून शेठ, रॉकेलवर पोट भरता अन् रॉकेललाच भेता?" सगळे हसले.

तडक शाळेत गेलो. "गुरुजी, लोकांना सांगा, बातमी खोटी होती."

"खोटं कसं सांगू? आणि तिथं ते पेटत नाही. प्राणवायूच नाही तिथं."

"इथं आहे ना."

ते वह्या तपासू लागले.

"बरं, दिवा तरी लांब ठेवायला सांगा. तुमचं ऐकतील."

"देवाच्या कामात मी पडत नाही."

त्याच दिवशी मी पिंपं एकट्यानं लोळवत रस्त्यापलीकडं नेली. दुकान मात्र उचलून नेता येत नव्हतं. पुढच्या शनिवारी भर दुपारी वारा सुटला आणि दिवा कलंडला. पाणी टाकू नका, माती टाका, म्हणून मी घसा फाडत होतो. लोकांनी बादल्या ओतल्या. जाळ पाण्यावर तरंगत माझ्या दुकानात शिरला.

पत्रे वाकेपर्यंत सगळे बघत उभे होते. म्हातारा म्हणाला, "शनीपुढून त्याचं तेल हलवलं या माणसानं. कोपणार न्हाई तर काय?"

माना हलल्या. गुरुजी त्यांच्यातच उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि शाळेकडं चालू लागले.