राखणीवरचा म्हातारा आणि माझा कॅमेरा

कॅमेरा मी घेतला तो फुलचोरासाठी, हे आधीच कबूल करते. माझ्या अंगणातली जास्वंद पहाटे कोणीतरी ओरबाडून न्यायचं, आणि देवाला चोरीची फुलं वाहणारा तो भक्त मला एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. नोकरीभर शाळेत कॉप्या पकडल्या. निवृत्त झाले म्हणून खोड थोडीच जाते! पालमच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं येऊन अर्ध्या तासात कॅमेरा भिंतीला ठोकला, मोबाइलला जोडून दिला आणि तो गेला.

तो गेल्यावर मी जे केलं ते आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईला शोभणारं नव्हतं. पण घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं. फ्रिजला लागलं, शिलाई मशीनला लागलं, मग ह्यानंच काय घोडं मारलं होतं? मी थेट त्याच्या काचेवर बोट टेकवलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडून पाणी शिंपडलं. शनिवारी दारावर लिंबू-मिरची विकणारा येतो, त्याच्याकडून एक माळ घेऊन कॅमेऱ्याच्या वरच्या खिळ्याला लोंबती सोडली.

दिवसा चित्र लख्ख यायचं. जास्वंदीच्या कळ्या मोजून घ्याव्यात. रात्री मात्र पडद्यावर नुसतं पांढरट धुकं आणि मधोमध एक चकाकणारा गोळा. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "बाई, ह्याच्यात रातचं एवढंच येतंय. वरचं मॉडेल घ्या." मी घेणारही होते. पण तेवढ्यात शेजारचं प्रकरण उभं राहिलं आणि माझा फुलचोर मागे पडला.

माझ्या कंपाउंडच्या पलीकडे शेळ्यांवर पोट असलेलं एक घर आहे. नवरा गंगाखेडकडे मजुरीला जातो, बायको शेळ्या चारते, आणि रात्रीची राखण नवऱ्याच्या म्हाताऱ्या बापाकडे. काटेरी कुंपणाच्या आवारात शेळ्या बांधलेल्या, लहान करडं मोठ्या टोपलीखाली डालून ठेवलेली, आणि बाजेवर हा म्हातारा, उशाशी काठी. जन्मभर त्यानं मेंढरं राखली. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं, आणि आता होण्यासारखंही नव्हतं.

त्या महिन्यात एकामागून एक तीन करडं नाहीशी झाली. ना रक्त, ना ओरड. जमीन खुरांनी तुडवून दगडासारखी झालेली, तिच्यावर माग उमटत नव्हता. म्हाताऱ्याला विचारलं की एकच उत्तर, "मी जागाच होतो. कुणी आलं न्हाई." ह्याच उत्तरानं त्याचा घात केला. गल्लीतली निम्मी माणसं म्हणायला लागली की म्हातारा घोरत पडतो, आणि उरलेली म्हणायला लागली की म्हाताऱ्यानंच करडं कुणाला तरी दिली. मुलगा तापट. त्यानं सांगून टाकलं, "बाबांची राखण बाजारापातुरच, मग ते घरात झोपतील. आन् येत्या बाजारी शेळ्या काढून टाकायच्या."

म्हातारा भांडला नाही. त्यानं फक्त रात्रीची भाकरी सोडली. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि गल्लीचा रागही आला. बसल्या जागी दुसऱ्याच्या इमानाचा पंचनामा करायला आमच्या गल्लीला कधी वेळ कमी पडत नाही.

मग एका संध्याकाळी त्याची सून माझ्याकडे आली. "बाई, तुमच्या क्यामेऱ्यात आमचं आवार दिसतंय न्हवं? मामा झोपत्यात का जागे असत्यात, एवढंच मला बघायचंय. बाजाराला चारच दिस राहिलेत."

मी मोबाइल दाखवला. धुक्यात बाजेच्या जागी एक डाग होता. तो निजलाय की बसलाय हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तिनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मला ते यंत्रच दाखवा." स्टुलावर चढली. दिवेलागणीची वेळ होती. काचेभोवतीचे बारीक लाल ठिपके तिला दिसले. ते कशाचे, असं तिनं विचारताच मी बाईच्या सुरात सांगितलं की कॅमेरा अंधारात आपल्याला न दिसणारा उजेड फेकतो आणि त्याच उजेडात पाहतो.

"म्हंजे हा कपाळाला बॅटरी बांधून बसलाय की!" ती म्हणाली. "अहो बाई, धुक्यात शेळी हुडकताना बॅटरी डोळ्याजवळ धरली की नुसतं धुकंच पांढरं दिसतंय, म्होरचं काईच न्हाई. हात लांब करून कमरेपाशी धरावी लागती. आन् तुमी तर ह्याच्या तोंडाम्होरं लिंबू टांगलंय. ते चमकायलंय, ह्याला म्होरचं कसं दिसावं?"

प्रकाशाचं परावर्तन मी किती वर्गांना शिकवलं असेल! फळ्यावर आरसा काढायचे, बाण काढायचे, बाणांचे कोन मुलांकडून पाठ करून घ्यायचे. ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि लिंबू माझ्याच हातानं टांगलेलं होतं. ही बाई चौथीत शाळा सोडलेली. मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढचे तीन दिवस ती शेळ्या आवारात घातल्या की येत होती. पहिल्या दिवशी तिनं लिंबू-मिरची काढली आणि माझा जीव खालीवर व्हायला नको म्हणून फाटकाला नेऊन बांधली. सकाळी पाहिलं तर गोळा गेला होता, धुकं होतं. दुसऱ्या दिवशी काचेवर बोट फिरवून तिनं मला दाखवलं: माझं कुंकू नारळाच्या पाण्यात पसरून काचभर वाळलं होतं. दिवसा ते दिसतही नव्हतं. तिनं आधी फुंकरीनं धूळ उडवली, मग जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा साध्या पाण्यात पिळून काच हलक्या हातानं पुसली. त्या रात्रीचं धुकं पुष्कळच विरलं, तरी चित्राची डावी बाजू पांढरीफटक राहिली. ती माझ्या दिवाळीच्या चुन्याची करामत. भिंत इतकी जवळ की कॅमेऱ्याचा उजेड तिच्यावर आदळून परत त्याच्याच तोंडावर यायचा. तिसऱ्या दिवशी तिनं बाभळीची एक फळी आणली, तिच्यावर कॅमेरा बसवून तो भिंतीपासून हातभर पुढे घेतला आणि थोडा खाली वाकवला. कोळ्याचं जाळं झाडलं. मोबाइलमध्ये चित्र हलक्या दर्जाचं ठेवलेलं होतं, ते मी चांगल्या दर्जावर आणलं. एवढंच काय ते माझं कर्तृत्व.

आवारात एखादा दिवा लावू या, असंही मी सुचवलं होतं. ती म्हणाली, "दिव्यानं येणारा येणारच न्हाई. मग मामा खरं बोलायलेत का खोटं, हे कुणाला कळंल? करडांची टोपली मी दाबून टाकते, तिच्यावर पाटा ठिवते. पण आजची रात दिवा नको."

दुसरा दिवस बाजाराचा होता. सकाळी चहा घेताना मी रात्रीचं चित्र लावलं आणि कप हातातच राहिला. कुंपणाचा काटा न् काटा दिसत होता, म्हाताऱ्याच्या पटक्याच्या घड्या दिसत होत्या. मी भिंतीवरून तिला हाक मारली. ती शेणाचे हात धुऊन धावत आली आणि आम्ही दोघी मोबाइलवर वाकून बसलो.

म्हातारा बाजेवर पडलेला नव्हता, बसलेला होता. थोड्या वेळानं तो उठला. एकेका शेळीपाशी गेला, तिच्या पाठीवर तळहात ठेवला, ओठ हलवले, पुढे सरकला.

"हातानं का मोजायलेत?" ती पुटपुटली. "मामा तर नुसतं बघून मोजत्यात."

मग कुंपणाच्या फटीत दोन डोळे चमकले. लांडगा होता. तो आत आला तशा शेळ्या उठल्या, आणि म्हातारा काठी उगारून आवाजाच्या रोखानं निघाला. लांडग्यानं टोपलीला तोंड लावलं, पण पाट्यानं ती हलली नाही. म्हातारा थांबला. दोघांमध्ये काठीभर अंतर होतं. म्हातारा त्याच्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याला तो दिसत नव्हता. लांडगा त्याच्या बाजूनं फिरून आल्या वाटेनं निघून गेला. म्हातारा काठी तशीच धरून बराच वेळ उभा राहिला, आणि मग पुन्हा पहिल्या शेळीपासून हातानं मोजायला लागला.

ती रडायला लागली. "त्यांना दिसत न्हाई, बाई. ताटात हात चाचपायचे, कालवण सांडायचे, अन् मी त्यांना बोलले. लय बोलले." मी सहसा रडणारी नाही, पण त्या सकाळी रडले. असे अधू डोळे घेऊन लांडग्यासमोर उभं राहायला काय काळीज लागतं, ह्याचा विचार मी आजही करते. ती बाई आणि तो म्हातारा, दोघांपुढे मला फार लहान वाटलं.

तिनं सासऱ्याला बोलावलं. तो भिंतीला हात लावत लावत माझ्या ओट्यापर्यंत आला.

"काय निघालं त्यात?"

"लांडगा आलता, मामा. अन् तुमी जागेच होता."

तो खाली बसला. पटका काढून मांडीवर ठेवला. "डोळ्याचं सांगितलं असतं तर राखण गेली असती," तो हळूच म्हणाला.

"आधी परभणीला जाऊन डोळे दाखवू. शेळ्या कुठं जात न्हाईत, मी बसलेय इथं."

मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्यानं डोळे बारीक केले, मान हलवली. "मला न्हाई दिसत. तू सांग, पोरी."

तिनं सगळं सांगितलं. कुठून उठलात, कुठल्या शेळीपाशी गेलात, काठी कशी उगारली, लांडगा किती जवळ होता. तो डोळे मिटून ऐकत होता. भिंतीपलीकडे त्याचा मुलगा बाजाराला जायच्या तयारीत न्हाणीत पाणी ओतत होता.

सांगून झालं तेव्हा म्हाताऱ्यानं त्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"आता परत सांग," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं."

ती ओट्यावर उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.