ब्लेडसोबाईंच्या ओट्यावरचा फोटो

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये माझ्या ल्यूशियसमामांनी चाळीस वर्षं फोटो काढले. लग्नं, बाप्तिस्मे, मयती. आमची काळ्या लोकांची सगळी वस्ती त्यांच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहून गेलेली. सदुसष्ट साली हायवेसाठी आमची गल्ली पाडायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकेका घराचा फोटो काढून ठेवला. यंदा ते फोटो संग्रहालयात लागले आणि मामांना बोलायला बोलावलं. एक्क्याण्णव वर्षांचे मामा; मीच गाडीतून नेलं.

मामा छान बोलले. चर्चच्या फोटोत पुढे कोण बसणार यावरून दोन बायकांनी वर्षभर अबोला धरला होता, ते ऐकून लोक हसले. मग प्रश्न सुरू झाले आणि एक वयस्क बाई उठली. पडद्यावर तेव्हा एका ओट्यावरचं कुटुंब होतं.

"मी व्हर्नेल ब्लेडसो. डावीकडची मुलगी मीच."

त्या दिवशी आईने सकाळपासून सगळ्यांचे कपडे इस्त्री केले, धुतलेले पडदे लावले, असं तिने सांगितलं. आईला वाटलं होतं, फोटो कोर्टात दाखवतील आणि घर वाचेल.

"मिस्टर टार्व्हर, तिला असं वाटतंय हे तुम्हाला माहीत होतं?" तिने मामांना विचारलं.

संग्रहालयाची संचालिका वेळ संपल्याचं सांगू लागली. मामांनी तिला हाताने थांबवलं.

"माहीत होतं. जज्जसाहेबांना घर नीट दिसेल ना, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, दिसेल, फक्त हलू नका. माझे फोटो कोर्टासाठी नव्हतेच. पण सगळे इतके छान उभे होते. ऊनही चांगलं होतं."

"त्या भरवशावर आम्ही सामान बांधलंच नाही," बाई म्हणाली. "आईचं शिलाई मशीन आतच राहिलं." आणि ती खाली बसली. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि लगेच थांबलं.

मला तिच्याकडे ने, असं मामा म्हणाले. पण व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत ती निघून गेली होती.

चर्चमधून तिचा नंबर मिळवला. रविवारी दुपारी मी फोन लावून दिला. मामांनी नाव सांगितलं आणि पुढे त्यांना काही बोलताच येईना. मी शेजारीच उभी होते. तिकडून तिने फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, "जेवलात का?"

"हो," मामा म्हणाले. ते जेवले नव्हते.